काठ-कुणीचे घर आणि पश्चिमेचा झंझावात

पश्चिम हिमालयातील हिवाळा टप्प्याटप्प्याने येतो, आणि दोन टप्प्यांच्या मधल्या उघडिपीत तो पुढच्या टप्प्यासाठी माणसाला थोडी सवड देतो. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या परिसरात निर्माण झालेल्या कमी दाबाच्या प्रणाली इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून भारताच्या वायव्य सीमेवर येऊन धडकतात. महिन्याला त्यांची संख्या साधारण चार ते सहा असते, आणि प्रत्येक प्रणाली दोन-तीन दिवस ढग, वारा, पाऊस किंवा बर्फ देऊन पूर्वेकडे निघून गेल्यावर आकाश पुन्हा निवळते. मराठी वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख पश्चिमी झंझावात किंवा हिंदीच्या वळणाने पश्चिमी विक्षोभ असा होतो. हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्याच्या वरच्या भागात, ज्याला स्थानिक लोक उझी म्हणतात, जुन्या घराची भिंत किती जाड असावी, दार किती बुटके असावे, गुरे कोठे बांधावीत आणि छपरावर काय घालावे या सर्व बाबी या येण्याजाण्याचा हिशेब करूनच ठरलेल्या आहेत. हे घर म्हणजे हिवाळी वादळासंबंधी अनेक पिढ्यांनी साठवलेले ज्ञान आहे, आणि ते हल्ली ज्या वेगाने पाडले जात आहे त्याची जेवढी दखल घेतली जायला हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही.

या वादळाचे स्वरूप समजण्यासाठी सीमापृष्ठ ही संकल्पना आधी पाहावी लागते. थंड हवा जड असते आणि उबदार हवा हलकी, त्यामुळे थंड हवेचा लोट पुढे सरकू लागला की तो उबदार हवेच्या तळाशी पाचरीसारखा घुसतो आणि तिला वर उचलून लावतो; ज्या तिरप्या पृष्ठावर हे दोन्ही लोट एकमेकांना भिडतात त्याला शीत सीमापृष्ठ किंवा शीत आघाडी म्हणतात. ही मांडणी नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म बियर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केली, आणि त्यांचे पुत्र याकोब यांचा फिरत्या चक्रवातांच्या रचनेवरील निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपात त्या वेळी सैन्यांच्या आघाड्या हा रोजच्या बोलण्यातला विषय होता, आणि हवेच्या दोन राशींच्या झुंजीलाही तोच शब्द चिकटला.

समुद्रावर किंवा सपाट मैदानावर ही आघाडी नकाशावर रेघ ओढून दाखवता येते. हिमालयात मात्र ती रेघ डोंगररांगांवर आदळून मोडते, दऱ्यांतून वाट काढताना तिचे तुकडे होतात, आणि म्हणूनच भारतीय हवामानतज्ज्ञ पश्चिमी झंझावाताचे वर्णन करताना जमिनीवरील आघाडीपेक्षा वरच्या थरांतील पश्चिमी वाऱ्यांत पडलेल्या द्रोणीवर, म्हणजे कमी दाबाच्या लांबट पट्ट्यावर, अधिक भर देतात. सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून वाहणारा अतिवेगवान पश्चिमी वारा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडे उतरतो आणि या द्रोणी आपल्याबरोबर वाहून आणतो. दिवसाला साधारण आठ ते दहा रेखांश अशी त्यांची चाल असल्याने इराणवर दिसलेली प्रणाली दोन-तीन दिवसांत कुलूच्या माथ्यावर येते. वाटेत अरबी समुद्रावरून ओढून घेतलेले बाष्प तिच्यात मिसळते, धौलाधार आणि पीरपंजाल यांच्या उतारांवर ही हवा चढू लागते, चढताना थंड होते आणि तिच्यातील बाष्प बर्फ होऊन खाली येते. पी. आर. पिशारोटी आणि बी. एन. देसाई यांनी १९५६ मध्ये या झंझावातांचा भारतीय हवामानाशी असलेला संबंध एका निबंधात मांडला. पुढे १९६२ मध्ये पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली तेव्हा पिशारोटी तिचे पहिले संचालक झाले.

उझीतल्या गावातून हा सारा प्रकार एका ठरावीक क्रमाने दिसतो. प्रथम निळ्या आभाळात उंचावर पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखे ढग पश्चिमेकडून पसरतात, सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळे पडते, आणि थंडी आश्चर्य वाटावे इतकी कमी होते, कारण येणाऱ्या प्रणालीच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडील तुलनेने उबदार हवा खेचली जात असते. मग ढग खाली उतरतात आणि समोरची शिखरे दिसेनाशी होतात. सुरुवातीला पडणारा थेंबथेंब पाऊस थंड हवा येऊन पोहोचताच बर्फात बदलतो, म्हणजेच ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असते ती पातळी काही तासांत शेकडो मीटर खाली सरकते. शेवटचा टप्पा वाऱ्याचा असतो. द्रोणी पुढे सरकल्यावर वारा वायव्येकडून वाहू लागतो, रोहतांग खिंडीच्या अंगाने खोऱ्यात उतरतो, ढग फाडतो, देवदारांच्या फांद्यांवरचे बर्फ उधळून देतो, आणि मग येणारी रात्र सर्व हिवाळ्यातली सर्वांत कडक रात्र ठरू शकते, कारण स्वच्छ आकाशाखाली जमिनीतील ऊब अडसराविना निसटून जाते. या प्रदेशातील पहाडी बोलींत बर्फाला हिऊं म्हणतात. मराठीतले हिंव आणि हिवाळा हे शब्दही त्याच संस्कृत हिम शब्दापासून आलेले आहेत, फक्त मराठीत त्याने गारठ्याचा अर्थ धरला आणि पहाडात प्रत्यक्ष बर्फाचा.

वाऱ्याने थंडी किती वाढते याचे एक गणित आहे. उघड्या कातडीवरची उबदार हवेची पातळ साय वारा उडवून नेतो, त्यामुळे तापमापकावरील आकड्यापेक्षा शरीराला जाणवणारी थंडी जास्त असते. आज प्रचलित असलेल्या सूत्राप्रमाणे उणे ५ अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर ती जाणीव उणे १४ अंशांच्या थंडीइतकी होते. ३,९७८ मीटर उंचीवरील रोहतांग ओलांडणारे वाटसरू दुपारच्या आत पलीकडे उतरण्याची खबरदारी शतकानुशतके घेत आले, ती याच वाऱ्याच्या भयाने. दुपारनंतर खिंडीत वारा चढतो आणि सापडलेल्या माणसाला तो सोडत नाही. खिंडीच्या नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगितला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून ही वाट हिवाळ्यात टाळता येते.

या वाऱ्याला आणि बर्फाला तोंड देणाऱ्या जुन्या घराच्या बांधणीला काठ-कुणी म्हणतात. काठ म्हणजे काष्ठ आणि कुणी म्हणजे कोन. कोपऱ्यात एकमेकांवर आडव्या टेकवलेल्या लाकडी तुळया हे या बांधणीचे मर्म असल्याने तिला हे नाव पडले. दगडी जोत्यावर देवदाराच्या दोन समांतर तुळया भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला ठेवतात, मधली पोकळी दगडगोट्यांनी भरतात, त्यावर घडीव दगडांचा थर चुना-सिमेंटाशिवाय नुसता बसवतात, मग पुन्हा तुळयांचा थर, आणि असे करत भिंत दोन-तीन मजले उंच नेतात. भिंतीची जाडी दीड ते दोन फूट भरते. देवदाराच्या लाकडातून उष्णता काँक्रीटच्या मानाने साधारण दहापट हळू जाते, आणि दगडांमधील सांदीत अडकलेली स्थिर हवा तिला आणखी रोखते. अशी कोरडी भिंत वाऱ्याला मात्र झिरपू देईल, म्हणून आतून माती आणि शेणाचा जाड लेप देतात, तो दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नव्याने सारवतात, आणि मराठी खेड्यातल्या कोणाही गृहिणीला ते सारवण पाहताक्षणी ओळखीचे वाटेल. देवदाराच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे ते ओलाव्याने सहसा कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही.

या भिंती भूकंपातही टिकतात. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याला झालेल्या भूकंपात सुमारे २०,००० माणसे दगावली, परंतु कुलूच्या राजांनी नग्गर येथे याच पद्धतीने बांधलेला वाडा उभा राहिला. दगडांचे थर एकमेकांवर किंचित सरकतात, तुळया त्यांना बांधून ठेवतात, आणि धक्क्याचा जोर घर्षणात जिरतो. मात्र भूकंप पिढीत एखाद्या वेळी होतो, हिवाळा दरवर्षी येतो. घराची रोजची घडण हिवाळ्यानेच केली आहे.

सर्वांत खालच्या मजल्याला कुलूकडे खुड म्हणतात आणि तेथे गुरे बांधतात. पहाडी गाय अंगाने लहान असते, पण जिवंत प्राण्याच्या शरीरातून काहीशे वॅट उष्णता अखंड बाहेर पडत असते, आणि तीन-चार जनावरे व त्यांच्याखाली अंथरलेला पालापाचोळा मिळून वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीला रात्रभर शेकत राहतात. मधल्या जागेत धान्य, राजमा, सुकवलेल्या भाज्या आणि लोकर राहते. माणसे आणि चूल सर्वांत वर, कारण ऊब वर चढते. खोल्यांची उंची कमी असते, खिडक्या लहान असतात, आणि दाराची चौकट इतकी बुटकी व उंबरा इतका उंच असतो की मोठ्या माणसाला वाकून आणि पाय उचलूनच आत यावे लागते; दार उघडले तरी वाऱ्याला घुसायला अपुरी फट मिळते आणि अंगणात साचलेले बर्फ उंबऱ्यापाशीच अडते. वरच्या मजल्याभोवती भिंतीच्या पुढे काढलेला लाकडी सज्जा खालच्या भिंतीला बर्फापासून आणि पावसापासून झाकतो, आणि झंझावात निघून गेल्यानंतरच्या उन्हाच्या दिवसांत घरातली सारी कामे त्या सज्ज्यावर होतात. तेथे धान्य निवडतात, लोकर कातली जाते, लहान मुलाला तेल लावतात, आणि खड्डीवर, म्हणजे हातमागावर, अंगाभोवती गुंडाळायच्या जाड लोकरी पट्टूचे विणकाम पुढे सरकते. वादळाच्या दिवसांत माणसे आत तंदुरीभोवती बसतात. येथे तंदूर म्हणजे पोळ्या भाजण्याची मातीची भट्टी नव्हे. ती पत्र्याची बंद शेगडी असते, तिचा धुराचा नळा छपरातून बाहेर काढलेला असतो, तिच्यावर पाण्याचे भांडे दिवसभर तापत असते, आणि अशा संध्याकाळी वाफवलेला सिड्डू तुपाबरोबर खाल्ला जातो.

छप्पर हा या घराचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे, आणि त्याचे महत्त्व आकड्यांतून नेमके दिसते. ताज्या भुसभुशीत बर्फाचे वजन फार नसते, पण एक-दोन दिवसांत ते दबून घट्ट झाले की एका घनमीटरला २०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे अर्धा मीटर जाडीचे दबलेले बर्फ प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो भार टाकते, आणि ६० चौरस मीटरच्या छपरावर त्याचे एकूण वजन ६ टन होते. उतरत्या छपरावरून यातले बरेचसे बर्फ आपोआप घसरते, उरलेले लाकडी फावड्याने ओढून काढतात. वाऱ्याचा धोका याच्या उलट दिशेचा असतो. वारा छपरावरून जाताना त्याला खाली दाबत नाही, तो पलीकडच्या उतारावर आणि वळचणीच्या कडांपाशी त्याला वर ओढतो. अभियंते भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा दाब काढतात. ताशी ९० किलोमीटर वेगाला तो एका चौरस मीटरमागे सुमारे ३८ किलो वजनाइतका येतो, आणि कडांपाशी ओढ याहूनही वाढू शकते. दोन सेंटिमीटर जाडीच्या पाटीच्या दगडाचा, म्हणजे स्लेटचा, एकच थर चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर भरतो, आणि एकावर एक चढवून बसवल्यावर हे वजन शंभराच्या घरात जाते. पत्रा जेमतेम चार-पाच किलो भरतो. स्लेटचे छप्पर केवळ आपल्या वजनाने वाऱ्याला जागेवर राहून उत्तर देते, तर पत्र्याचे छप्पर खिळ्यांच्या आणि स्क्रूंच्या भरवशावर असते, आणि एका कोपऱ्यातला पत्रा सुटला की वारा आत शिरून बाकीचे छप्पर सोलून काढतो. महाबळेश्वरला पावसाळ्यापूर्वी घरांना गवताच्या ताट्यांचे आवरण बांधण्याची जुनी रीत होती, तीही वाऱ्याच्या नेमक्या दिशेची आणि ऋतूची अशीच ओळख ठेवणारी होती.

गावाची जागासुद्धा याच समजेने निवडलेली दिसते. झंझावातानंतरच्या शांत रात्री थंड जड हवा उतारावरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साचते, त्यामुळे नदीकाठ हा मधल्या उतारापेक्षा जास्त गार होतो. शिखराजवळ वारा असह्य असतो. जुनी गावे या दोहोंच्या मध्ये, दक्षिणेकडे तोंड करून, सकाळचे ऊन लवकर पोहोचेल अशा टप्प्यांवर वसलेली आहेत. गेल्या काही दशकांत पर्यटकांसाठी उभी राहिलेली असंख्य हॉटेले मात्र बियास नदीच्या काठाला गेली, आणि जुलै २०२३ च्या पुरात त्याची किंमत सर्व देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. पुराचा आणि हिवाळ्याचा संबंध वरवर दिसत नाही, पण ज्या शहाणपणाने गाव गारठ्याच्या तळापासून वर ठेवले त्यानेच ते पुरापासूनही दूर राहिले.

आता उझीत आणि एकंदर हिमाचलात बांधले जाणारे घर सिमेंटच्या खांबांचे, चार-पाच इंची विटांच्या भिंतीचे, मोठ्या काचेच्या खिडक्यांचे आणि रंगीत पत्र्याच्या छपराचे असते. ते बांधणाऱ्याला दोष देता येत नाही. जुन्या घरात उजेड कमी, धूर जास्त आणि गुरांचा वास कायमचा. त्या धुरात दिवसभर वावरून स्त्रियांचे डोळे आणि छाती बिघडत, हे विसरून जुन्या घराचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. शिवाय एका काठ-कुणी घराला जेवढा देवदार लागतो तेवढा आज सामान्य कुटुंबाला मिळत नाही. जंगलाच्या हक्कदारांना घरासाठी सवलतीत झाड देण्याची जी पद्धत हिमाचलात टीडी या संक्षेपाने ओळखली जाते ती वनरक्षणासाठी पुष्कळ आवळण्यात आली, आणि ते आवश्यकही होते.

पण नव्या घराला झंझावात कळत नाही. वाऱ्याने झाड तारांवर पडून वीज गेली की विजेचे हीटर आणि गीझर निकामी होतात, पातळ भिंत काही तासांत गार होते, आणि खालच्या मजल्यावर गुरांच्या ऐवजी उभी असलेली मोटार कोणालाही ऊब देत नाही. पाण्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. गोठताना पाण्याचे आकारमान ९ टक्क्यांनी वाढते, आणि भिंतीच्या बाहेरून नेलेल्या उघड्या नळात ते गोठले की नळ उभा चिरतो. चिरल्याचे रात्री कळत नाही, दुसऱ्या दिवशी ऊन लागून बर्फ वितळल्यावर भिंतीवरून पाण्याचा ओघळ दिसतो तेव्हा कळते. म्हणून कडाक्याच्या रात्री घरोघर एक तोटी किंचित उघडी ठेवून थेंब-थेंब गळू देतात, कारण वाहते पाणी गोठायला वेळ लागतो, आणि सकाळी त्या तोटीखाली बर्फाचा बोटभर सुळका उभा असतो. जुन्या घरात नळच नव्हता, पाणी बावडीवरून हंड्याने येई, हे खरे. परंतु नळ आतल्या उबदार भिंतीतून नेणे, त्याला लोकरीचे किंवा फोमचे वेष्टन घालणे, आणि गच्चीवरची काळी टाकी छपराच्या आत घेणे यांसाठी देवदाराचे झाड तोडावे लागत नाही. तरी हे केले जात नाही; घर वाऱ्याची दिशा पाहून बांधण्याची सवय सुटली, एवढेच त्याचे कारण दिसते.

काठ-कुणीचा एक दोष याहून गंभीर आहे, आणि तो लपवून तिची शिफारस करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. दाटीने बांधलेली लाकडी घरे, सज्ज्यावर आणि माळ्यावर रचलेले गुरांसाठीचे सुके गवत, आत पेटती शेगडी आणि बाहेर कोरडा वारा हे सारे एकत्र आले की आग एका घरावर थांबत नाही. जानेवारी २००८ मध्ये मलाणा गावात लागलेल्या आगीत गावाचा मोठा भाग भस्मसात झाला. गवताची गंजी वस्तीपासून दूर ठेवणे, धुराड्याच्या नळ्याभोवती दगडी कडे बांधणे आणि गावात गोठणार नाही असा पाण्याचा साठा ठेवणे हे उपाय सर्वांना माहीत आहेत. त्यांना लागणारा पैसा घर नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे.

झंझावात हे संकटच आहे असे मानणारा माणूस बहुधा मैदानातला असतो. उझीत आणि शिमल्याच्या वरच्या पट्ट्यात न येणाऱ्या झंझावाताची भीती अधिक आहे. कोटगढला सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ मध्ये लावलेल्या अमेरिकी सफरचंदांपासून पुढे हिमाचलाची फळबाग वाढली, आणि त्यांतल्या डेलिशियस जातींना वसंतात नीट फुलण्यासाठी हिवाळ्यात ७ अंशांखालील थंडीचे हजारभर किंवा त्याहूनही अधिक तास लागतात. बागाईतदार बर्फाला पांढरे खत म्हणतात. सावकाश वितळणारे पाणी मुळांभोवती खणलेल्या आळ्यांत, ज्यांना ते तौलिये म्हणतात, मुरत जाते आणि एप्रिलपर्यंत जमीन ओली राहते. २०२४ चा जानेवारी बराचसा कोरडा गेला, गुलमर्गच्या उतारांवर बर्फाऐवजी वाळके गवत दिसले, आणि त्या महिन्यात पहाडी घरांतली चिंता छपरावरच्या भाराची राहिली नाही, झऱ्यांच्या पाण्याची झाली.

या वाऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध पर्यटनापुरता नाही. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. त्याच काळात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. पावसाचा अंदाज आधी बांधता यावा या निकडीतून ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिवाळी बर्फाकडे पाहिले, आणि बर्फ जास्त पडले तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो असा संबंध १८८४ मध्ये मांडला. पुढच्या संशोधनाने त्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या. तरी मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाची सुरुवात हिमालयातल्या छपरांवर आणि उतारांवर साचणाऱ्या त्या बर्फापासून झाली, याचे विस्मरण होऊ नये. खात्याचे मुख्यालय १९०५ मध्ये कलकत्त्याहून शिमल्याला गेले आणि १९२८ मध्ये तेथून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ज्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात आणि जिच्या नावाने चौक व बसथांबा ओळखला जातो, तिचे नाव या स्थलांतरातून आले. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला हलले, नाव मात्र पुण्यात राहिले.

झंझावाताचे शेपूट तर दरवर्षीच महाराष्ट्रात येते. प्रणाली हिमालयावर असताना मध्य भारतात दक्षिणेकडील वारे येतात, नाशिक जिल्ह्यात ढग दिसतात, आणि थंडी पळाली असे लोक म्हणू लागतात. ती पूर्वेकडे गेली की उत्तरेकडील कोरडा वारा मोकळा होतो, आणि एक-दोन दिवसांत निफाडचा पारा कोसळतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर असतो. गव्हाला ही थंडी मानवते, द्राक्षाला नाही. मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास पारा घसरला तर मणी तडकतात, फुगवण थांबते, हिरव्या जातींवर गुलाबी छटा येऊन पिंक बेरी म्हणून माल नाकारला जातो, आणि म्हणून शेतकरी पहाटे बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करतात व ठिबकने पाणी सोडून जमिनीची ऊब राखतात. रोहतांगवरून उतरलेल्या वाऱ्याशी उझीतले घर जे करते तेच निफाडचा बागाईतदार आपल्या वेलींसाठी करीत असतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये पश्चिमेकडून आलेली द्रोणी आणि समुद्राकडून आलेले बाष्प यांची गाठ मध्य भारतावर पडली, तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूरकडे कितीतरी दिवस गारपीट होत राहिली, आणि काढणीला आलेली रब्बी पिके व फळबागा डोळ्यांदेखत झोडपल्या गेल्या.

मनालीजवळच्या गोशाल आणि शेजारच्या आठ गावांत मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस मौन पाळले जाते. गौतम ऋषी आणि व्यास ऋषी यांच्यासह तेथील देवता या काळात समाधीत किंवा स्वर्गात असतात अशी श्रद्धा असल्याने मंदिराच्या घंटा बांधून ठेवतात, शेतात कुदळ मारत नाहीत, दूरचित्रवाणी आणि रेडिओ बंद राहतात आणि माणसे हलक्या आवाजात बोलतात. संक्रांतीला देवापुढे मातीचा लेप देऊन ठेवलेला असतो. तो मुदत संपल्यावर काढला जातो, आणि त्यात फूल, धान्याचा दाणा किंवा कोळसा यांपैकी काय निघते त्यावरून येणाऱ्या वर्षाचा अंदाज सांगितला जातो. कोळसा निघाला तर आगीचे भय मानतात, आणि लाकडी गावाने आगीला सर्वांत आधी भ्यावे यात नवल काही नाही. वर्षातले हे सर्वांत कडक सहा आठवडे असतात, झंझावातामागून झंझावात येत असतो, आणि घराबाहेर करण्यासारखे काम नसते. अशा वेळी सारे गाव आपल्या घरात शांत बसून राहते.

याच सहा आठवड्यांत महाराष्ट्रातून बर्फ पाहायला मनालीला जाणाऱ्यांची गर्दी असते. त्यांनी सोलंगकडे जाताना या नऊ गावांच्या हद्दीत गाडीतील गाणी बंद ठेवावीत, भोंगा वाजवू नये, आणि राहण्यासाठी जागा निवडताना एखाद्या कुटुंबाने जपलेले काठ-कुणीचे घर मिळत असेल तर नदीकाठच्या हॉटेलाऐवजी तेथे उतरावे; त्यांनी दिलेल्या भाड्यातूनच त्या छपरावरची फुटलेली स्लेट बदलली जाते.